विलासराव ओव्हाळांची ओव्हरसाइट

विलासराव ओव्हाळांना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना इंग्रजी फोडता येत होतं. भुईमुगाची शेंग अंगठ्याने दाबून फोडावी तसा ते शब्द मधोमध फोडत, आतले दोन दाणे वेगवेगळे तपासत आणि मग दोन्ही एकदम तोंडात टाकत. बहुतेक वेळा चव बरोबर लागायची. कधीतरी एखादा दाणा खवट निघायचा. मुलीच्या कॉलेजने प्रवेशाच्या वेळी 'अंडरटेकिंग' मागितलं, तेव्हा "आमच्या घरात टेबलाखालून काही द्यायची-घ्यायची पद्धत नाही" असं बाणेदारपणे सांगून विलासराव तिथून उठून आले होते. शेवटी त्यांच्या पत्नी कस्तुराबाई गेल्या, हमीपत्रावर सही केली आणि लेकीचा, म्हणजे मैत्रीचा, प्रवेश झाला. त्या प्रसंगाबद्दल घरात बोलायला बंदी होती.

विलासराव कुरुळी फाट्याजवळच्या एका कंपनीत कामाला होते. कंपनी मोटारींच्या दारांना बसणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायची. या पट्ट्या बाहेर पडण्याआधी त्यांची शेवटची तपासणी विलासराव करत. थोडक्यात, एकवीस वर्षं त्यांना दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळत होता, आणि माणूस ज्याचा पगार घेतो ते काम घरीही थोडंफार करतोच. लग्नाची पत्रिका आली की ते आधी खिशातून लाल पेन काढत. चिखलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर कुणी 'पाणि येणार नाहि' लिहिलं, तर पाणी येवो न येवो, दोन्ही वेलांट्या दीर्घ झाल्याशिवाय ते कंपनीच्या बसमध्ये चढत नसत.

अशा माणसाला एका मंगळवारी सकाळी नवीन प्लांट हेड दिग्विजय घोरपडे यांचा मेल आला.

घोरपडे सर दोन महिन्यांपूर्वीच आले होते. घराणं अस्सल साताऱ्याकडचं, पण शिक्षण बोर्डिंग शाळेत आणि पुढची नोकरी परदेशात. बोलायचे झकास मराठी, लिहायचे मात्र फक्त इंग्रजी. मेल एका ओळीचा होता: 'डिअर विलास, देअर वॉज अ‍ॅन ओव्हरसाइट ऑन युअर पार्ट इन फ्रायडेज् डिस्पॅच.' खाली रिगार्ड्स.

विलासरावांनी चष्मा पुसला आणि शेंग हातात घेतली. ओव्हर म्हणजे वर. साइट म्हणजे नजर. वरून नजर, म्हणजे देखरेख! 'ऑन युअर पार्ट' तर फोडायचीही गरज नव्हती. पार्ट म्हणजे रबराची पट्टी, कारखान्यात शेंबडं पोरही सांगेल. सगळं जुळवल्यावर अर्थ निघाला तो असा: 'शुक्रवारी जो माल बाहेर गेला, त्यातल्या तुमच्या पार्टवर देखरेख होती.'

एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लेखी कौतुक केलं होतं. त्यातून आठ वर्षं रखडलेल्या बढतीच्या यादीत यंदा त्यांचं नाव गेलेलं होतं. विलासराव खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच उंच झाले. अशा मेलला ताबडतोब आणि तोलामोलाचं उत्तर द्यायला हवं होतं. ते त्यांनी अर्धा तास खपून लिहिलं आणि 'रिप्लाय ऑल' हे बटण दाबलं. चार माणसांना कळलं तर बिघडलं कुठे, असा त्यामागचा विचार होता. ती माणसं चार नव्हती, चौतीस होती, आणि त्यांत माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे सहा जण होते, हे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी ते बसमधून उतरले ते थेट जिलेबीच्या दुकानात गेले.

सोसायटीच्या गेटवर दत्तोबा खुर्ची टाकून बसलेले होते. ही सोसायटी जिथे उभी होती तिथे एकेकाळी दत्तोबांची ज्वारी डोलत असे. जमीन देऊन टाकली तरी राखणीची सवय गेली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यावर त्यांची नजर असे आणि प्रत्येकासाठी एक सल्ला तयार असे.

"काय ओव्हाळसाहेब, जिलबी? पोरीचं जमलं का काय?"

"नाही हो दत्तोबा. साहेबांनी कौतुक केलंय. लेखी."

"लेखी?" दत्तोबांनी जिलेबीचं कडं उचललं. "मंग त्याची फ्रेम करा. तोंडी कौतुकाला काय अर्थ न्हाई. लेखी असलं की कोर्टात बी चालतंय."

विलासरावांनी फ्रेमच्या जागी मोबाइल वापरला. साहेबांचा मेल आणि आपलं उत्तर, दोन्हींचे फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत सतरा अंगठे, अकरा पुष्पगुच्छ आणि एक चुकून पडलेली भावपूर्ण श्रद्धांजली जमा झाली. घरी कस्तुराबाईंनी जिलेबीचं पुडकं उघडत विचारलं, "बढती दिली म्हणालेत का?"

"बढती अशी एकदम येत नसते. आधी शब्द येतो, मग बढती."

एवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुताई होत्या. इंदुताई तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली होती, पण तास सुटला नव्हता. विलासरावांनी हसून जिलेबीची बशी पुढे केली. इंदुताईंनी ती घेतली नाही, तेव्हाच काहीतरी गडबड आहे हे कस्तुराबाईंनी ओळखलं.

"विलासराव, बसा जरा," इंदुताई म्हणाल्या. "ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक."

"म्हणजे नजर हे बरोबर आहे ना?"

"नजर बरोबर आहे. तिच्यापुढे चूक आहे. पाहायचं होतं ते नजरेतून निसटलं, अशा चुकीला ओव्हरसाइट म्हणतात. मुद्दाम केलेली नाही, मूर्खपणाचीही नाही. मूर्खपणाची असती तर ब्लंडर म्हणाले असते. तुमचे साहेब सभ्य आहेत."

"पण ऑन युअर पार्ट? आमच्या पार्टवर..."

"तुमच्याकडून. रबराचा काही संबंध नाही."

मैत्रीने वडिलांचा मोबाइल हातात घेतला आणि त्यांचं उत्तर मराठीत वाचायला सुरुवात केली. "'प्रिय सर, दखल घेतल्याबद्दल आभार. मी एकवीस वर्षं नजरचुका करत आहे. फक्त शुक्रवारी नाही, रोज करतो, ओव्हरटाइम असेल तर रविवारीसुद्धा. या प्लांटमध्ये माझ्यासारखी नजरचूक कुणालाही जमत नाही. माझ्या हाताखालचे लोक माझ्याकडून हेच शिकत आहेत. ग्राहकाला मी खात्री देतो की यापुढे नजरचुका आणखी वाढतील.'" एवढं वाचून तिने मोबाइल खाली ठेवला आणि ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. बराच वेळ आली नाही.

"वाढतील?" कस्तुराबाईंनी शांतपणे विचारलं.

विलासरावांनी जिलेबीची बशी दूर सारली. जिलेबी त्या दिवशी उरली, आणि ओव्हाळांच्या घरात जिलेबी उरण्याची ती पहिलीच वेळ.

बुधवारी ते कंपनीत पोचले ते एकच निश्चय करून: मेल परत घ्यायचा. संगणकात तशी सोय आहे असं त्यांनी ऐकलं होतं. सोय होती. बटण दाबलं की चौतीस जणांना एक नवा मेल जायचा: 'विलास ओव्हाळ यांना आपला आधीचा मेल परत घेण्याची इच्छा आहे.' म्हणजे गल्लीत दारोदार फिरून "काल मी तुम्हाला जे सांगितलं ते ऐकू नका" असं सांगण्यासारखंच. ज्या पंचवीस जणांनी आधीचा मेल उघडलाही नव्हता, त्यांनी तो आता शोधून उघडला. सोय नीट चालली नसेल अशा शंकेने विलासरावांनी बटण आणखी दोनदा दाबलं. दुपारपर्यंत पेंट विभागातली माणसं, ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तीही जेवणाच्या टेबलावर त्यांच्याकडे पाहून उगाच मान लववत होती.

मग ते कॉम्प्युटर विभागात गेले. तिथे कळलं की तोंडी तक्रार चालत नाही, फॉर्म भरावा लागतो. फॉर्मवर तक्रारीचे प्रकार पाच: प्रिंटर, पासवर्ड, माउस, नेट आणि इतर. विलासरावांनी 'इतर'वर खूण केली. 'इतर' असेल तर प्लांट हेडची सही लागते, असं त्यांना सांगण्यात आलं. प्लांट हेड गुरुवारपर्यंत चेन्नईला होते.

"मग माउस लिहू का?" विलासरावांनी विचारलं.

"माउस खराब आहे का?"

"माउसनेच तर सगळं झालं."

हा युक्तिवाद मान्य झाला नाही. वर जागेवर परत येतात तोच एचआरच्या वर्षाली मॅडमनी बोलावलं. मॅडम मनाने चांगल्या होत्या. वाईट बातमी देताना त्या चहा मागवत. आज त्यांनी चहाबरोबर बिस्किटंही मागवली होती.

"ओव्हाळसाहेब, कस्टमरचा मेल आलाय. एकाच ओळीचा आहे. 'प्लीज एक्स्प्लेन ट्वेंटी वन इयर्स.'"

ही ओळ न फोडताही कळली.

प्रकरण असं होतं. शुक्रवारी गेलेल्या मालात चाळीस खोकी डाव्या दाराच्या पट्ट्यांची होती, आणि त्यांच्यावर लेबलं चिकटवली होती उजव्या दाराची. समोरच्या कंपनीत तासभर काम थांबलं होतं. एवढ्याने काही आभाळ कोसळलं नसतं. पण त्यावर कंपनीच्या तपासणी प्रमुखाने आनंदाने कळवलं होतं की हे एकवीस वर्षं चालू आहे आणि आणखी वाढेल. आता शुक्रवारी कस्टमरकडून तपासनीस मॅडम येणार होत्या, आणि त्याआधी विलासरावांना 'पाच का'चा फॉर्म भरून द्यायचा होता. चूक का झाली? उत्तर लिहायचं. ते का झालं? परत उत्तर. असं पाच वेळा 'का' विचारलं की चुकीचं मूळ हाती लागतं, अशी त्यामागची कल्पना.

"एवढं मनावर घेऊ नका," वर्षाली मॅडम म्हणाल्या. "सगळे शेवटी 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहितात. पॅकिंगच्या टेबलावर चार कंत्राटी बायका आहेत. त्यांना बदललं असं दाखवलं की फाइल बंद."

घरी आल्यावर गेटवर दत्तोबांनी निराळा सल्ला दिला. त्यांना बातमी लागली होती. जिलेबी खाल्लेल्या माणसाला बातमी लागतेच. "कबूल काय करायचं न्हाई साहेब. म्हणा, मोबाइल चोरीला गेला व्हता. त्यानंच मेल पाठवला."

"चोराने? कंपनीच्या कामाबद्दल?"

"शिकल्यालं चोर असत्यात आता."

विलासराव जिना चढून गेले. या सगळ्यात त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की केली होती. ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक. हा शब्द आता त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. मैत्रीने दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा पैकीच्या पैकी.

गुरुवारी सकाळी फॉर्म घेऊन ते पॅकिंगच्या टेबलापाशी गेले. चौघीजणी खोकी बांधत होत्या. त्यांतली इंद्रायणी सर्वांत जुनी, लातूरकडची, बोलायला रोखठोक. टेबलाच्या वर भिंतीवर नवाकोरा इंग्रजी तक्ता टांगलेला होता. गेल्या गुरुवारी आला होता. त्यावर एकच वाक्य होतं: 'फिक्स आरएच लेबल अनलेस बॉक्स इज मार्क्ड एल.' आरएच म्हणजे उजवं, एल म्हणजे डावं.

"इंद्रायणीबाई, शुक्रवारी डाव्या पट्ट्यांना उजवी लेबलं का लावली?"

"तुमीच सांगितलं की साहेब."

"मी?"

"तक्ता आला त्या दिवशी मी विचारलं, साहेब, ह्यात काय लिव्हलंय? तुमी वाचलं, मान हलवली आन् म्हणलात, लिहिलंय तसंच करा, एकही खोकं कमी पडता कामा नये. मग आमी समद्या खोक्यांना उजवंच लावलं. एक बी सोडलं न्हाई."

विलासरावांना तो क्षण लख्ख आठवला. 'अनलेस' हा शब्द त्यांनी घाईघाईत फोडला होता. लेस म्हणजे कमी, अन म्हणजे नाही. कमी नाही, म्हणजे एकाही खोक्यावर लेबल कमी पडू देऊ नका. अर्थ काढल्यावर मनात किंचित खटकलं होतं. वर जाऊन विचारावं, असं वाटलंही होतं. पण चौघी बायका बघत होत्या. एकवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाने जिना चढून 'अनलेस म्हणजे काय' असं विचारायचं?

"साहेब," इंद्रायणी आवाज खाली करून म्हणाली, "आमचं काम जाणार का ओ? एचआरमधून नावं लिहून नेली काल."

विलासराव आपल्या जागेवर आले आणि फॉर्म पुढ्यात घेतला. इंग्रजीवरचा त्यांचा विश्वास त्या आठवड्यापुरता उडाला होता, म्हणून त्यांनी मराठीत लिहिलं. चूक का झाली? लेबलं उलटी लागली. का? तक्त्यावरचं वाक्य कळलं नाही. का? ते मी चुकीचं सांगितलं. का? मला 'अनलेस' या शब्दाचा अर्थ येत नव्हता. पाचव्या 'का'पाशी पेन बराच वेळ हवेत राहिलं. ते लाल पेन नव्हतं, निळं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं: 'विचारायची लाज वाटली.' खाली पूर्ण सही केली आणि निकाल काय लागायचा तो लागो म्हणून फॉर्म एचआरमध्ये देऊन आले. बढतीच्या यादीतलं नाव त्यांनी मनातल्या मनात स्वतःच खोडून टाकलं. आश्चर्य म्हणजे त्यांना बरं वाटलं. दुपारी कँटीनमधला पातळ वरण-भातही त्यांनी दोनदा घेतला.

आणि चार वाजता चेन्नईहून घोरपडे सरांचा मेल आला. 'डिअर विलास, फ्रॉम मंडे यू विल हॅव ओव्हरसाइट ऑफ ऑल थ्री लाइन्स.'

विलासरावांनी तो तीनदा वाचला. आता त्यांना शब्द येत होता, हाच खरा घात झाला. सोमवारपासून तिन्ही लाइनच्या नजरचुका तुमच्याकडे! म्हणजे आपली एक चूक कबूल केली, तर लगेच दुसऱ्यांच्याही आपल्याच नावावर? दुसऱ्या लाइनचा तो सदा मोबाइलवर असणारा इंजिनिअर, तिसऱ्या लाइनवर रात्रपाळीला घोरणारे दोघे, या सगळ्यांची पापं आपण वाहायची? भला माणूस वाकला की दुनिया त्याच्या पाठीवर गोणी ठेवते, हे त्यांनी ऐकलं होतं. पण गोणी मेलवरून येते हे नवीन होतं.

"सांगून टाका, घेणार नाही म्हणून," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेत आणि स्वाभिमान या विषयावर त्यांचं मत ठाम होतं. "आपली असेल तेवढी घ्या. मोजून एक."

शुक्रवारी विलासराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सरांच्या केबिनमध्ये कस्टमरकडच्या स्वरूपा मॅडम बसल्या होत्या. चाळिशीच्या, घट्ट अंबाडा, पुढ्यात तो फॉर्म. खरं तर विलासरावांना बाहेर थांबायला सांगितलं होतं. पण धीर टिकवून ठेवायची वस्तू नव्हे, ती लगेच वापरावी लागते, म्हणून ते आतच गेले.

"या ओव्हाळ," घोरपडे सर म्हणाले. "मेल मिळाला ना?"

"मिळाला सर. एक ओव्हरसाइट माझी आहे. लिहून दिलीय. पण तिन्ही लाइनची ओव्हरसाइट मी घेणार नाही."

"का? जमेल की तुम्हाला."

"जमायचा प्रश्न नाही सर. ज्याची त्याने घ्यावी."

"अहो, ज्याची त्याच्याकडे होती म्हणूनच तर घोळ झाला. आता ती एकाच माणसाकडे हवी."

"आणि तो माणूस मीच?"

"तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे? एकवीस वर्षं! तुम्हीच लिहिलंत."

विलासरावांनी हात जोडले. "सर, एकवीस वर्षांत ही पहिली आहे. शपथ घेऊन सांगतो."

"पहिलीच? मग तर छानच. आवडेल तुम्हाला. केबिनबाहेर पाटी लावू: हेड, ओव्हरसाइट."

पाटी! विलासरावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मैत्रीला बघायला पाहुणे आले आहेत, कुणीतरी विचारतंय, वडील काय करतात? चुकांचे प्रमुख आहेत. "सर, कामावरून काढा," ते निर्धाराने म्हणाले, "पण पाटी लावू नका. आणि त्या चार बायकांना हात लावू नका. त्यांनी मी सांगितलं तेच केलंय."

घोरपडे सरांनी हतबल होऊन स्वरूपा मॅडमकडे पाहिलं. मॅडम मात्र खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. "एक मिनिट. ओव्हाळसाहेब, ओव्हरसाइट म्हणजे तुम्ही काय समजताय?"

"नजरचूक. इंदुताईंनी सांगितलंय."

"आणि सर, तुम्ही?"

"या मेलमध्ये? देखरेख. सुपरव्हिजन. अजून काय?"

स्वरूपा मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दोघेही बरोबर आहात," स्वरूपा मॅडम म्हणाल्या. "एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एकमेकांच्या अगदी उलट. नजर ठेवणं हीसुद्धा ओव्हरसाइट, आणि नजर चुकणं हीसुद्धा."

"एकाच शब्दाचे?" विलासरावांनी विचारलं. "आणि हे चालतं त्यांच्यात? कुणी तक्रार करत नाही?"

घोरपडे सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे तुमचा तो मंगळवारचा मेल... अहो, मला वाटलं तुम्ही मला टोमणा मारलाय! चेन्नईत मी तो तिघांना वाचून दाखवला. म्हटलं, आमच्याकडे एक ज्येष्ठ माणूस आहे, काय इरसाल लिहितो!"

हसू ओसरल्यावर स्वरूपा मॅडमनी फॉर्म उचलला. "पंधरा वर्षं मी हे फॉर्म वाचतेय. पाचव्या 'का'ला सगळीकडे एकच उत्तर असतं, कामगाराचा निष्काळजीपणा. 'विचारायची लाज वाटली' असं मी पहिल्यांदा वाचलं." मग त्यांनी घोरपडे सरांना विचारलं, "तो तक्ता कुणी लिहिला?"

"मी," घोरपडे सर म्हणाले आणि त्यांनी टाय सैल केला.

निकाल लागला तो असा. तक्ता त्याच दिवशी उतरला. त्याच्या जागी मराठीत दोन ओळी लागल्या: 'खोक्यावर एल असेल तर डावं लेबल. नसेल तर उजवं.' त्या ओळी इंद्रायणीने बाकी तिघींना मोठ्याने वाचून दाखवल्या आणि "एवढंच व्हतं व्हय!" असा शेरा मारला. चौघींची नावं लिहिलेला कागद वर्षाली मॅडमनी स्वतः फाडला. सोमवारपासून तिन्ही लाइनची देखरेख विलासरावांकडे आली आणि महिनाअखेरीस बढतीचं पत्रही आलं. पाटी त्यांनी आग्रहाने मराठीत करून घेतली. धोका नको म्हणून.

इंदुताईंना दुसरा अर्थ सांगायला ते मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर गेले. इंदुताईंनी शब्दकोश काढला, बराच वेळ पाहिलं आणि चष्मा डोक्यावर चढवला. "खरंच की. दोन आहेत. ही माझी ओव्हरसाइट."

"कोणती?" विलासरावांनी अदबीने विचारलं.

"पहिली. निघा आता."

यानंतर महिन्याभराने, एका सकाळी, घोरपडे सरांनी विलासरावांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार आतून लावून घेतलं. सरांचा चेहरा उतरलेला होता. टेबलावर शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीचं पत्र होतं, शिक्क्यासकट.

"ओव्हाळ, खरं सांगा. 'हयगय' म्हणजे काय हो?"

"का सर?"

"पत्रात लिहिलंय, कंपनीमागची सांडपाण्याची चारी साफ करण्यात आपल्याकडून हयगय झाली आहे. मी म्हटलं, गय म्हणजे दया. 'त्याची गय केली' असं म्हणतात ना? तसंच काहीतरी चांगलं असणार. आपण चारी साफ केली, ते खूश झाले." सरांनी पत्र बाजूला सारलं. "मग मी स्वतः मराठीत उत्तर टाइप केलं. आईला फोनवर वाचूनही दाखवणार होतो."

विलासरावांनी हात पुढे केला. सरांनी प्रत दिली. कंपनीच्या लेटरहेडवर, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'आमच्या हयगयीची आपण दखल घेतलीत, याचा अतिशय आनंद झाला. गावाच्या भल्यासाठी कंपनी यापुढेही अशीच हयगय करत राहील.'

हसायला तोंड उघडलं होतं, पण विलासरावांनी ते मिटलं. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो रंग त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

"पाठवलं कधी सर?"

"अर्ध्या तासापूर्वी. ड्रायव्हरच्या हाती."

"सरपंच शालनबाई अकराशिवाय ऑफिसात येत नाहीत. चला."

दुसरी गाडी निघाली. फाट्यावर नेहमीप्रमाणे कंटेनर आडवे उभे होते. त्यांच्यातून वाट काढत ती गावाच्या रस्त्याला लागली. दहा चाळीस झाले होते. घोरपडे सर ग्रामपंचायतीचं पत्र मांडीवर ठेवून बोट फिरवत बसले होते, परीक्षेच्या हॉलबाहेर पोरं बसतात तसे.

"ओव्हाळ," ते जरा वेळाने म्हणाले, "विचारतोच आहे तर आणखी एक विचारू? यात 'सबब' असा शब्द दोनदा आलाय. सबब म्हणजे काय?"

विलासरावांनी पत्रात डोकावून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी जरा हळू घ्या. सर, त्याचे दोन अर्थ आहेत."